दुसरं जनावर

स्क्रीनवर आणखी एक ओळ उमटली. जनावर.

सुहास पुढे वाकला. पहिलं जनावर कोण ते त्याला ठाऊक होतं. तो वाडीतला सदू होता, कंपनीने रोजावर लावलेला नकली घुसखोर. इतके दिवस सदू डोंगराच्या उतारावरून चालत यायचा, आणि सरहद्दीसाठी बनवलेले, चाचणीला इथे जमिनीत पुरलेले सेन्सर पावलांच्या धक्क्यावरून ओळखून ‘माणूस’ म्हणून मोकळे व्हायचे. आज मात्र सुहासनेच त्याला रांगत यायला सांगितलं होतं. सरहद्दीवरचा चोर काय छाती काढून चालत येतो? सदू गवतात चार पायांवर उतरला आणि एवढं महागाचं मशीन सपशेल फसलं. त्याने सदूचं जनावर करून टाकलं. सुहास कपाळाला हात लावून बसला होता, तेवढ्यात ही दुसरी ओळ आली. सदूच्या मागे, थोडं वरच्या अंगाला.

“वर कोणी गुरं सोडलीत का, कोंडाजीकाका?”

कोंडाजी तंबूच्या तोंडाशी बसले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता कंपनीच्या सामानाची राखण करायचे. शेजारी त्यांची परवान्याची बंदूक.

“गुरं कधीच खाली गेली, साहेब. दिवस बुडत आला.”

सदू थोडा पुढे सरकला. मागचं जनावर सरकलं. सदू थांबला, बहुतेक दम खायला. तेही थांबलं.

सुहासने दोन्ही ओळी पुन्हा पाहिल्या. तो महाडात वाढलेला, शेतीतलं त्याला फारसं कळत नव्हतं, पण गुरं अशी चालत नाहीत एवढं त्यालाही कळत होतं. माणूस थांबला म्हणून गाय कशाला थांबेल? मागे मागे येणारं, दबा धरणारं जनावर या डोंगरात एकच होतं. भातं कापायच्या सुमारास त्याने वाडीतली एक शेळी उचलली होती.

“बिबट्या,” कोंडाजी त्याच्या खांद्यावरून स्क्रीन बघत म्हणाले. “आणि पोरगा चार पायांवर हाय. वाकलेला मानूस त्याला शेळीसारखाच.”

फोन करावा तर सदूचा फोन समोर टेबलावर पडलेला. चाचणीत फोन जवळ ठेवायचा नाही, हा नियम सुहासचाच.

दोघे धावत सुटले. कोंडाजींच्या हातात बंदूक, सुहासच्या हातात टॅब. उतारावरचं गवत वाळून पिवळं झालेलं, पार छातीपर्यंत आलेलं. वाघ-बिबटे सुहासने मोबाइलवरच पाहिलेले, आणि इथे एका जित्याजागत्या माणसाला आपणच त्याच्या तोंडाशी रांगायला पाठवलंय. सदूला काही झालं तर चंद्राबाईला काय तोंड दाखवायचं? सदूची ही आई सकाळीच तंबूपाशी येऊन गेली होती. हा चोर होतो म्हणजे करतो काय, आणि सापडला की तुम्ही काय करता, असं खोदून खोदून विचारत होती. सुहासला घाई होती. तो हसून म्हणाला होता, “सरहद्दीवर सापडला की गोळी घालतात, मावशी.” ती पदर खोचत वाडीकडे निघून गेली होती.

कोंडाजींनी हात आडवा करून त्याला थांबवलं.

वर गवत हलत होतं. दोन ठिकाणी. पुढच्या ठिकाणी सदूचा निळा शर्ट मधूनमधून दिसत होता. त्याच्या मागे काहीतरी पिवळट सरकलं आणि दबलं. आता दोघांत फार अंतर उरलं नव्हतं.

“हवेत बार काढा,” सुहास कुजबुजला.

“बिथरलं तर पोरावरच जाईल.” कोंडाजींनी बंदूक खांद्याला लावली. नळी त्या पिवळट जागेवर ठरली. एक डोळा मिटून त्यांनी विचारलं, “बघा, साहेब. मशीन काय म्हनतंय?”

सुहासने टॅबवर पाहिलं. घामाने बोट घसरत होतं. दोन ओळी, एकीखाली एक, दोन्ही अगदी स्पष्ट.

“जनावर,” तो म्हणाला. “नक्की.”

“मग पोराला उभा करा. वाकलाय तवर त्याच्यावर झेप पडंल.”

“सदू,” सुहास जीव खाऊन ओरडला. “उभा राहा. आहेस तिथेच उभा राहा.”

सदू गोंधळून उभा राहिला. त्याच्या अंगभर कुसळं चिकटली होती. कोंडाजींचं बोट घोड्यावर वाकलं.

तेवढ्यात मागचं जनावरही उभं राहिलं.

पिवळं विटकं लुगडं, कासोटा घट्ट मारलेला, कोपरं सोलवटलेली. ती झोकांड्या खात पुढे धावली, सदूला एका हाताने मागे लोटलं आणि नळीच्या समोर येऊन उभी राहिली.

“आये?” सदू म्हणाला. “तू हितं कशाला आलीस गो?”

चंद्राबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. कोंडाजींचं बोट जागच्या जागी आखडलं होतं, बंदूक खाली घ्यायचंही त्यांना सुचत नव्हतं. तिला धाप लागली होती, तरी ती शांतपणे बोलली, समजूत घालावी तशी.

“नका मारू त्याला. खरा चोर नाय तो. उभं ऱ्हायलं की मशीनला दिसतं, असं ह्योच म्हनाला, म्हनून मी पन रांगत आले. म्हनलं, सापडलाच तर मधी पडायला कोनीतरी नको?”