डबल बेल

“चारशे पन्नास चढले, तीनशे ऐंशी उतरले,” शेषेराव म्हणाले. “सत्तर कुठं गेले?”

सिस्टरनं त्यांच्याकडं पाहिलं. आयसीयूतल्या पेशंटच्या नातेवाइकांचं चौथ्या दिवशी असं होतं, हे तिला माहीत होतं. तिनं त्यांना पाणी दिलं. शेषेराव पाणी प्याले आणि त्यांनी पुन्हा व्हेंटिलेटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. तिथं दोन आकडे होते. एक आत गेलेल्या हवेचा, एक बाहेर आलेल्या हवेचा. बेडवर त्यांची बायको होती, पंचशीलाबाई. तोंडात नळी, डोळे बंद, छाती टायरसारखी टम्म.

शेषेराव एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. नांदेड–लातूर, व्हाया लोहा, अहमदपूर. बसलेले किती, उभे किती, लोह्याला उतरले किती, हे त्यांना झोपेतही सांगता यायचं. बाकी या चार दिवसांत त्यांना काहीच वाटलं नव्हतं. काहीतरी वाटायला पाहिजे, एवढं कळत होतं. मेहुणा रविकांत कंधारहून फोन करून रडायचा. शेषेराव फोन कानाला धरून समोरची ‘शांतता राखा’ ही पाटी वाचायचे आणि शांतता राखायचे.

पंचशीलाबाईंनी अहमदपुरात बावीस वर्षं मिरची कांडप चालवलं. अख्खी गल्ली शिंकायची, त्या शिंकायच्या नाहीत. गल्लीला त्याचं कौतुक होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की श्वासनळीला आतून बारीक केसांच्या पेशी असतात, त्या धूळ झाडून वर लोटतात. यांच्या पेशी आधी चुलीच्या धुरानं आणि मग मिरचीनं गेल्या. म्हणजे झाडणारे गेले आणि कचरा राहिला. नळ्या सुजून अरुंद झाल्या.

गेल्या वर्षापासून त्यांना बोलायला दम पुरेना. मग त्यांनी नवऱ्याचीच, एसटीच्या बेलची भाषा घेतली. चमचा घ्यायचा, स्टीलच्या पेल्यावर वाजवायचा. दोन ठोके म्हणजे चल. भाकरी आण, पंखा लाव, पुढं बोल. एक ठोका म्हणजे थांब. शेषेराव गावगप्पांत सुटले की एकच ठोका पडायचा आणि ते जागच्या जागी थांबायचे. घरातला कंडक्टर बदलला होता.

“काका, तुम्ही जरा बाहेर बसा,” डॉ. अंबरीश आत येत म्हणाले. सकाळपासून पंचशीलाबाईंचं बीपी पडत होतं. औषध वाढवूनही चढत नव्हतं.

“बसतो की. पण साहेब, हे मशीन उतरायच्या आधीच डबल बेल मारून राहिलंय. खालचे उतरंनात अन् हे वरून चढवूनच राहिलंय. गाडी फुटंल ना.”

डॉक्टरांनी पडद्याकडं पाहिलं. मग शेषेरावांकडं. मग त्यांनी तोंडातल्या नळीला जोडलेला मशीनचा पाईप काढला.

फुस्स झालं. होतच राहिलं. पंचशीलाबाईंची छाती हळूहळू खाली बसली. पाच सेकंद, दहा, पंधरा. बीपीचा आकडा सत्तरवरून शंभरावर आला.

“नळ्या अरुंद आहेत. हवा आत जाते, पण बाहेर यायला वेळ लागतो,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. “तेवढ्यात मशीन पुढचा श्वास ढकलतं. फुप्फुसातले फुगे फुगतच जातात आणि हृदयाला दाबतात. मी वेग कमी करतो. काका, तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

“आधी उतरू द्या, मग चढा. एकतीस वर्षं वरडलो, एकानं ऐकलं न्हाई. मशीननं ऐकलं.”

त्या दिवसापासून शेषेरावांना भेटायला दहा मिनिटांऐवजी अर्धा तास मिळू लागला. सिस्टरनं एकदा चार नंबरच्या बेडचेही आकडे त्यांना बघायला लावले. बरोबर आहेत, ते म्हणाले.

आठव्या दिवशी पंचशीलाबाईंचं गुंगीचं औषध कमी केलं. डॉक्टरांनी शेषेरावांना बेडजवळच स्टुलावर बसवलं.

“काका, यांची फुप्फुसं आता स्वतःहून काम करतील असं वाटत नाही. गळ्याला छिद्र करून मशीन पुढं चालू ठेवता येईल. महिना, सहा महिने, मला सांगता येत नाही. त्यांना विचारता येत नाही. तुम्ही सांगा.”

“जाऊ द्या,” शेषेराव म्हणाले.

डॉक्टरांनी हातातली फाईल मिटली. सिस्टरनं मान खाली घातली.

“आसं न्हाई हो,” शेषेराव गडबडीनं उठले. “गाडी जाऊ द्या म्हणलो. चालू ठिवा. डबल बेल!”

सिस्टरला हसू फुटलं. डॉक्टरांनी सहीचा कागद पुढं केला. शेषेरावांनी पेन घेतलं.

तेवढ्यात बेडच्या कठड्यावर आवाज झाला. पंचशीलाबाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला होता. तो त्यांनी लोखंडावर आपटला होता.

ठक.

त्यांचे डोळे उघडे होते. त्या शेषेरावांकडं बघत होत्या.

“काका, त्यांना ऐकू येतंय!” सिस्टर ओरडली. “डबल बेल म्हणलात अन् वाजवलं बघा!”

डॉक्टरही हसले. त्यांनी लगेच फाईलमध्ये लिहिलं, पेशंट प्रतिसाद देत आहे.

शेषेराव पेन धरून दुसऱ्या ठोक्याची वाट बघत उभे राहिले. मशीननं पाच श्वास दिले, पाच काढून घेतले. चढले तेवढे उतरले. दुसरा ठोका आला नाही.

एका ठोक्याचा अर्थ त्या खोलीत दोघांनाच माहीत होता, आणि त्यातल्या एकीच्या तोंडात नळी होती.