दुसरी भाषक

"आजी, लेकीचं नाव पुन्हा एकदा सांगा," भाषातज्ज्ञ डॉ. शाल्मली रेगे म्हणाल्या.

जोमीबाईंनी सांगितले. नावातला मधला स्वर जीभ मागे ओढून, ओठ सपाट ठेवून, घशातल्या किंचित घरघरीसह उमटला. टेबलावरच्या यंत्राचा लाल दिवा लागला: उच्चारदोष. दवाखान्यापासून शिधावाटपापर्यंत प्रत्येक दार आता आवाज ओळखूनच उघडत होते, आणि मान्य स्वरांच्या यादीबाहेर बोलणाऱ्याची जीभ सरकार मोफत दुरुस्त करून देत असे. दुरुस्तीनंतर तो स्वर कायमचा जाई.

"उद्या जीभ सरळ केल्यावर मेलेल्या लेकीला हाक कशी मारू गं?"

रेगेंनी त्या स्वराचे वर्गीकरण केव्हाच केले होते. 'उ'खाली दोन टिंबे देऊन त्याला अक्षरही दिले होते. पण स्वर मान्य ठरायला नियमाने तो बोलणारे दोन भाषक लागत. एकट्याचा तो दोषच. दुसरी भाषक जोमीबाईंची बहीण होती. अर्ज समितीपुढे सात वर्षे पडून राहिला, तोवर ती वारली.

"मॅडम, दुसरा भाषक आणा, आत्ता मान्य करतो," अधिकारी निमकर सौजन्याने म्हणाले.

"दुसरी भाषक मी आहे." अकरा वर्षे शिकलेला तो स्वर घेऊन रेगे यंत्रापुढे वाकल्या आणि त्यांनी ते नाव उच्चारले.

"आता जमलं गं तुला," म्हातारी हसली. "आधी बकरीसारखी ओरडायचीस."

लाल दिवा पुन्हा लागला. निमकरांनी दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या; त्या तंतोतंत जुळत होत्या. त्यांनी उद्याच्या दुरुस्तीच्या यादीत रेगेंचे नाव घातले आणि शेरा सुधारला: दोष संसर्गजन्य.