ससा आधी की भुयार

खोका हरवल्याचं सोमवारी सकाळी कळलं. बायको वारून दोन महिने झाले होते आणि संपादक त्याच दिवशी शब्दकोशाच्या कचेरीत परतले होते.

खोक्यात एकाच लॅटिन शब्दाच्या, जुन्या ग्रंथांतले दाखले उतरवलेल्या चाळीस चिठ्ठ्या. शब्द सशाचा, कुनिकुलुस. त्याची लेकरंबाळं स्पॅनिश, इटालियन, जर्मन भाषांत अजून नांदतात. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ भुयार. मूळ अर्थ कोणता, म्हणजे कोणत्याचा दाखला आधीच्या शतकातला, यावर नवरा-बायको याच कचेरीत वीस वर्षं भांडले. ते म्हणत भुयार, ती म्हणे ससा.

“शुक्रवारी खंड छपाईला जातोय,” छापखान्याचा माणूस म्हणाला. “तोवर खोका मिळाला नाही तर सशाला वगळू.”

“वगळायचा नाही. दोघांच्या नावानं छापायचाय. तेवढंच आता तिच्यासाठी करता येतं.”

“वहिनींनी शेवटी हार मानली होती ना?”

“सहा वर्षांपूर्वी. चहा गाळता गाळता म्हणाली, जाऊ दे, तुमचंच खरं.”

त्याच महिन्यात, भुयारावरच्या लेखामुळे, ते मुख्य संपादक झाले होते. वाद मिटला, मग खोका कुणी उघडलाच नाही.

तीन दिवस सगळी कपाटं उलथीपालथी झाली. गुरुवारी संध्याकाळी मुलगी घरी आली.

“बाबा, आईच्या कपाटात बघितलंत?”

“ते मी उघडलेलं नाही.”

“मग मी उघडते. तुम्ही नुसते बसा.”

शालींच्या खाली खोका निघाला.

“आजारपणातसुद्धा काम घरी आणलं म्हणायचं,” मुलगी म्हणाली. “स्वस्थ बसेल तर ती आई कसली!”

संपादक पहिल्यांदाच हसले. चष्मा पुसून त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या. एक्केचाळीस भरल्या. शेवटची लाल होती. चूक सापडली की लाल चिठ्ठी लावायची, खाली सही आणि तारीख घालायची, हा कचेरीचा नियम.

अक्षर बायकोचं होतं. ‘भुयाराच्या दाखल्याचं शतक ह्यांनी चुकीचं उतरवलं आहे. मूळ ग्रंथ पाहिला. आधी ससाच.’

तारीख, तिनं हार मानली त्याच्या आदल्या दिवसाची होती.

शुक्रवार उलटून गेला. नोंद अजून लिहायची राहिली आहे.