झटकलेली विंडो

मानवतच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सुमनबाईंनी भक्तीला एक युक्ती शिकवली होती. "लय पसारा झाला ना, की हवी ती विंडो वरच्या पट्टीला धरून झटकायची. बाकीच्या मुकाट खाली बसतात बघ." बाई वारल्या, त्याला वर्ष झालं.

आज दुपारी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण भक्तीच्या हातून सेव्ह न करताच बंद झालं. संध्याकाळी ते द्यायचं होतं. तिने डोकं धरलं.

माउसवर हात नसताना एक विंडो थरथरली. बाकीच्या खाली बसल्या. समोर तेच प्रकरण होतं, शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत.

तिने आधी ते सेव्ह केलं. मग हात जोडले. "बाई, लय उपकार झाले. तुमीच ना?"

विंडो हळूच डावीकडे सरकली, मग उजवीकडे. नाही म्हणताना मान हलते, तशी.