पहिली वेलांटी

दहावीच्या पेपरात आंधळ्या गोपिकाला तासभर जादा मिळणार, म्हणून पर्यवेक्षक वंदनाबाई धुसफुसत होत्या. गोपिका नववीतल्या लेखनिकेला दीक्षाभूमीवरचा निबंध सांगत होती. तिचा तळहात मात्र बाकाला चिकटलेला. खाणाखुणांच्या संशयानं बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन,’ गोपिका म्हणाली. पेन फिरलं तशी थबकली. ‘दुसरी वेलांटी काहून देली वं? पहिली दे.’ बाईंनी वाकून पाहिलं. ‘दीन’ लिहिलेलं. तीस वर्षं वेलांट्या तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘तुले कसं समजलं वं?’ ‘बाकातून, मॅडम. पहिलीले पेन अक्षराच्या आधी फिरते, दुसरीले मागून.’ बाईंनी डोळे मिटून बाकावर तळहात टेकवला. काहीच कळेना. ‘राहू दे ना ताई, अर्धाच मार्क जाते,’ लेखनिका म्हणाली. ‘मार्काचं नाही वं,’ गोपिका हसली. ‘त्या दिवसापासून आपण दीन नाही.’