एका माणसापुरती वाट

गवंड्याने हात पुढे केला, पण हातात वीट आली नाही.

तो भिंतीच्या आत, रुळांच्या बाजूला उभा होता. विटांचा ढीग बाहेर होता आणि ढिगासमोर अख्खी वस्ती. विटा देणारा बिगारीही वस्तीतलाच. त्याने घमेलं पालथं घातलं होतं आणि त्यावर बसून तो जमिनीकडे बघत होता.

दोन रुळांचे आता चार झाले होते. लांबच्या नव्या वसाहतींना जाणाऱ्या जलद गाड्या इथे न थांबता सुसाट जायच्या, म्हणून ही भिंत. दोन्हीकडून ती जवळ येत आली होती आणि मधे एका माणसापुरती वाट उरली होती. वस्तीचं म्हणणं, तेवढी राहू दे. बाजार पलीकडे, दवाखाना पलीकडे. पूल होता, पण पार स्टेशनाच्या टोकाला, आणि तो बांधणाऱ्यांनी कागदावरच चढून पाहिला असावा. मुकादम डोळेझाक करायला तयार होता. त्यात त्याला फारसे कष्ट पडत नसत.

बोलायला शिंप्याला पुढे केलं होतं. गेल्या वर्षी गाडीखाली गेलेल्या गवंड्याच्या मुलीला याच रुळांवरून त्यानेच उचलून आणलं होतं. अशा माणसाला नाही म्हणताना जीभ उचलत नाही.

"तुझं दुःख आम्हाला कळतं," शिंपी हळू आवाजात म्हणाला. "पण एकीसाठी सगळ्यांची वाट बंद करू नकोस."

गवंड्याचा हात विटेसाठी पुढेच होता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे खरं. पण म्हाताऱ्यांना पुलाचे ते जिने चढवत नाहीत, हेही खरंच होतं. त्याची सासू पलीकडे अंथरुणाला खिळलेली होती. बायको रोज तिला जेवण घेऊन जायची. कुठून जातेस, हे त्याने वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची त्याला भीती वाटायची.

तेवढ्यात तीच आली, हातात डबा घेऊन. लोकांनी हायसं वाटून तिला पुढे जाऊ दिलं.

"वहिनी, आता तुम्हीच सांगा याला. तुमचीच आई आहे पलीकडे," शिंपी म्हणाला.

ती उत्तर देणार, तोच आत झेंडीवाल्याने शिट्टी फुंकली. गवंडी भिंतीला चिकटून उभा राहिला. त्याच्या पाठीमागून गाडी धडधडत गेली. ती जाईपर्यंत त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. बायकोला फटीतून त्याचा चेहरा दिसत होता.

गाडी गेली. बायकोने डबा खाली ठेवला. ती ढिगापाशी गेली, एक वीट उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली. बिगारी उठून उभा राहिला.

"अहो वहिनी, आईचं काय? आणि तुमचे गुडघे?" शिंप्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती दुसरी वीट उचलत होती.

"पक्की बसवा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी रोज म्हणते, आजच्या दिवस इथून जाते. माझा मला भरवसा नाही."