दुसऱ्या अंतऱ्याआधी

सावनीने पद सुरू केलं आणि मालिनीताईंनी डोळे मिटून घेतले. मानाच्या खुर्चीतल्या पाहुणीने डोळे मिटले की लोकांना ती तल्लीन झाली असं वाटतं, ही एक सोयच आहे. खरं तर त्यांना उठून पळायचं होतं. तेच नाटक, तेच पद आणि रत्नागिरीचेच प्रेक्षक.

बत्तीस वर्षांपूर्वी, १९७१ साली, लग्न होऊन कॅनडाला जायच्या आठ दिवस आधी त्यांनी इथे शेवटचा प्रयोग केला होता. थेट लांज्या-गुहागरहून माणसं आली होती. मालिनीला पदाचे शब्द कधी सांगावे लागत नाहीत, म्हणून प्रॉम्प्टर खुशाल चहाला गेला होता. आणि नेमक्या दुसऱ्या अंतऱ्यापाशी ती शब्द विसरली. नुसती उभी राहिली. बऱ्याच वेळाने ओळ आठवली, पण तोवर विंगेतून कुणीतरी म्हणालं होतं, "हिचं चित्त आत्तापासूनच विमानात."

टोरांटोच्या गणेशोत्सवांत त्या पुढे तीस वर्षं गायल्या. नाव झालं, शिष्या झाल्या. हे पद मात्र कधी गायल्या नाहीत. फर्माईश आली की घसा बसायचा. रत्नागिरीने आपली ती फजितीच तेवढी लक्षात ठेवली असणार, याची त्यांना खात्री होती. यंदा नाट्यमंडळाने फारच गळ घातली, म्हणून आल्या.

पहिला अंतरा संपला. सावनी समेवर आली आणि थांबली.

पोरगी विसरली. मालिनीताईंनी डोळे उघडले. सावनी शांत उभी होती. तबला चालू होता, ऑर्गनवर तेव्हासारखेच हरिश्चंद्र होते, त्यांनी सूर धरून ठेवला होता. एक आवर्तन गेलं, दुसरं सुरू झालं.

शेजारी बसलेल्या नाट्यमंडळाच्या आनंदीबाई कौतुकाने पुढे वाकल्या. "हे तुमचंच हो. इथे सगळ्या असंच थांबतात."

सावनीने ओळ उचलली आणि वन्समोअर पडला.

मध्यंतरात मालिनीताई तडक रंगमंचामागे गेल्या. सत्तरी उलटलेले हरिश्चंद्र चष्मा पुसत बसले होते.

"हरीदादा, मी तेव्हा विसरले होते."

"ठाऊक आहे गो. मी सूर धरून तुझ्याकडेच बघत होतो."

"मग पोरींना हे कशाला शिकवलंत?"

"तू गेलीस नि जो तो तेच बोलायला लागला, मालू विसरली, मालू विसरली. मला काय ते ऐकवेना. पुढल्या प्रयोगात नव्या पोरीला तिथेच थांबवली. म्हटलं, विसरत्येय कसली, मालूची पद्धतच आहे ती. ही चौथी पोर."

मालिनीताईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात सावनी आली आणि वाकून नमस्कार केला.

"ताई, बरोबर थांबले ना मी? दीडच आवर्तन झालं. पुढे धीरच झाला नाही."

मालिनीताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"छान थांबलीस. पण घाबरू नको, आणखी थांब. मी पुरती दोन आवर्तनं थांबले होते."